उत्तर कायम माझ्यापाशी

२ मार्च, रविवार
साडू येऊन गेला. सहकुटुंब, सफोटो. एक दिवस वाळवंटात काय जाऊन आला, फोन थेट आमच्या टीव्हीला जोडला. जीप आणि वाळू. वाळूत साडू. साडूवर वाळू. टोपीवर गिर्यारोहक मंडळाचा बिल्ला, तो प्रत्येक फोटोत. दोन तास हेच.

कन्या आ वासून बघत होती. "काका, काय भारी" वगैरे. मला बढती मिळाली (सहायक व्यवस्थापक, फरशी विभाग) तेव्हा "अरे वा" एकदाच, आणि तेही मोबाईलमधून डोकं वर न काढता.

तीस तारखेला ती नोकरीसाठी उत्तरेकडच्या शहरात चालली. बसनं अख्खा दिवस लागतो. माझ्याबरोबर ती शेवटची बाहेर कधी आली होती ते आठवत बसलो. चपलांच्या दुकानात. तेही पट्टा तुटला म्हणून.

संकल्प: ती जायच्या आत तिला वाळवंटात न्यायचं. मी न्यायचं. जीपबीप नाही, पायी. बायकोला सांगितलं. ती "हो का?" म्हणाली.

३ मार्च, सोमवार
हे "हो का?" लग्नापासून ऐकतोय. त्यात होकारही नसतो आणि नकारही नसतो. भिंतीवर बॉल मारल्यासारखं आहे, आपलंच बोलणं आपल्याकडे परत येतं.

आज तिनं न बोलता माळा उघडून दाखवला. दुर्बीण (पक्षीनिरीक्षण), गळ (मासेमारी), तंबू. मी म्हटलं, छंद बदलत राहणं हे जिवंत माणसाचं लक्षण आहे. पक्षी मी पाहिले होते. ते कबुतर निघालं त्याला मी काय करणार? आणि तंबू मी अर्धवट सोडलेला नाही, तो मिटत नाही. उघडा तंबू माळ्यावर ठेवून दाखवावा कुणीतरी.

६ मार्च, गुरुवार
होकायंत्र आणलं. पितळी झाकण, आत लोखंडी पट्टी, गळ्यात अडकवायला दोरी. दुकानदार म्हणाला मोबाईलमध्ये असतंच की. त्याला म्हटलं, मोबाईलची बॅटरी संपते, पृथ्वीची संपत नाही. बिल करायला घेतलं.

घरी दाखवलं तर कन्या हसत सुटली. म्हणे, "बाबा, घरात एक आहे ना आधीच. तू काहीही बोललास की आई काय म्हणते?"

मग मायलेकी दोघी खिदळल्या. मला कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर हसलो नाही. या घरात कुणी काही गांभीर्यानं करू म्हणेल तर सोय नाही.

८ मार्च, शनिवार
आमच्या दुकानात सराव. पुस्तिकेत लिहिलंय, यंत्र छातीजवळ आडवं धरा आणि लाल टोक स्थिर होऊ द्या, ती उत्तर.

कमोडांकडे तोंड करून उभा राहिलो. लाल टोक माझ्याकडे. वळून भिंतीच्या टाइल्सकडे तोंड केलं. लाल टोक माझ्याकडे. बेसिनांकडे, नळांकडे, गोदामाकडे, सगळीकडे तोच प्रकार. कॅशियर म्हणाला खराब आहे, परत करा. फरशीचा उतार कुठल्या बाजूला आहे ते ज्याला अजून कळत नाही, तो यंत्रं तपासणार.

घरी आल्यावर गणवेश उतरवून पुन्हा पाहिलं. सुई निमूटपणे न्हाणीघराकडे. हलवली तरी न्हाणीघराकडेच.

म्हणजे यंत्र ठणठणीत आहे. फरक माझ्यात पडतो. कामावर असलो की मी वेगळा माणूस असतो, हे मला आतून वाटतच होतं. काही लोकांत उपजत दिशा असते. उत्तर कायम माझ्यापाशी! बायकोला समजावून सांगितलं. अपेक्षित प्रतिक्रिया आली.

१२ मार्च, बुधवार
कन्येला रविवारचं विचारलं. "बघू." उद्या पुन्हा विचारीन म्हटलं, तर "अरे बाबा, बघू म्हटलं ना." दुकानातलं गिऱ्हाईक "बघू" म्हणालं की ते कधीच परत येत नाही, हा माझा अनुभव आहे.

नंतर बायको आत जाऊन तिच्याशी काहीतरी बोलली. बाहेर येऊन म्हणाली, येतेय ती. पटवून देण्याची माझी पद्धत थोडी सावकाश असते, पण काम करते.

१६ मार्च, रविवार
लिहायचं नव्हतं. पण रोजनिशी म्हणजे रोजनिशी.

पहाटे भाड्याची गाडी, ड्रायव्हरसकट. वाळवंटाच्या तोंडाशी चहाची टपरी आहे, तिथपर्यंत वेळेवर पोचलो. ऊन चढायला लागलं, कन्येनं पाणी मागितलं. मी ऐटीत पिशवी उघडली. सगळ्या बाटल्या मी आदल्या दिवशीच फ्रीजरमध्ये टाकल्या होत्या, दिवसभर गार राहाव्यात म्हणून. सगळ्यांचे दगड झाले होते. बर्फ हलवून बघितला, मांडीवर आपटला, काखेत धरला. जवळ भरपूर पाणी, पण प्यायला थेंब नाही. टपरीवाल्याकडे फक्त चहा.

कन्येनं बाटली गालाला लावली आणि इतकी हसली की ड्रायव्हर झोपेतून उठला. न्याहारीच्या वेळेला आम्ही घरी परत.

दोष फ्रीजचा आहे. इतका गार ठेवायची गरज काय? मेकॅनिकला फोन करणार.
धडा: साहसाची तयारी फार करू नये.

१८ मार्च, मंगळवार
साडूचा फोन. बर्फाची बातमी त्याच्यापर्यंत पोचली. (मेव्हणी. दुसरं कोण.) म्हणाला, पुढच्या रविवारी मीच घेऊन जातो सगळ्यांना, जीपमधून, गार पाण्यासकट. "सकट" वर जोर दिला.

मी काही बोलायच्या आत कन्येनं फोन घेतला. बायको नंतर म्हणाली, तिनं काकांना चक्क "नाही" म्हणून सांगितलं. बाबाबरोबर जायचंय म्हणाली.

स्वाभाविक आहे. जाणकार माणूस जीपकडे बघत नाही, वाटाड्याकडे बघतो. तरी दिवसभर दुकानात उगाच शीळ घालत होतो. साहेब म्हणाले, गिऱ्हाईक आहे, जरा बंद करा.

२२ मार्च, शनिवार
उद्याचे नियम कागदावर लिहून फ्रीजवर लावले. मोबाईल गाडीतच राहतील. पाणी साधं. पुढे मी.
साडूच्या टोपीवर बिल्ला असतो, तर आपल्याकडेही बिल्ला आहे. दुकानाचा, "सहायक व्यवस्थापक" लिहिलेला. पिननं शर्टाला भोकं पडतात म्हणून कंपनीनं यंदा चुंबकाचे दिलेत. खिशाच्या वर झकास बसतो. वाळवंटात जबाबदार कोण ते लांबून कळलं पाहिजे.

२३ मार्च, रविवार. हातपाय धुऊन
सविस्तर लिहितो, म्हणजे पुढेमागे कुणी विपर्यास करायला नको.

दुपारी निघालो. ड्रायव्हर टपरीपाशी गाडी लावून सीट मागे टाकून झोपला. आम्ही तिघं पायी. मी पुढे, गळ्यात यंत्र, छातीवर बिल्ला. वाळूत पाय रुततात हे फोटोत कळत नाही. बायकोच्या बुटात वाळू, कन्येच्या केसांत वाळू, माझ्या तोंडात वाळू कारण मी माहिती देत होतो. तीन टेकड्या ओलांडून सावली सापडली. तिथं बसलो. डबा खाल्ला. पाणी होतं, आणि ते प्यायलाही येत होतं.

कन्या बराच वेळ वाळूत बोटानं रेघोट्या मारत होती. मग वर न बघताच म्हणाली, "बाबा, तिथं करमेल का रे मला?"

मी म्हटलं, थांब, आधी परतीची दिशा नक्की करून घेऊ. ती बरं म्हणाली.

टपरी उत्तरेला. यंत्र छातीजवळ धरलं. उत्तर माझ्या पाठीमागे. म्हणून मागे वळलो. उत्तर पुन्हा पाठीमागे. पुन्हा वळलो. उत्तर काही पुढे यायला तयार नाही. बायको म्हणाली, आपल्या पावलांचे ठसे आहेत की, त्यांवरून जाऊ. मी म्हटलं ठसे नवशिक्यांसाठी असतात. शिवाय गोल गोल फिरून ते तोवर मीच तुडवून टाकले होते.

एका बाजूला आत्मविश्वासानं चाललो. टेकडी चढलो. पलीकडे तशीच टेकडी. कन्येनं विचारलं, सूर्य मावळतो कुठं? मी म्हटलं ते ऋतूवर असतं. बायको वाळूत फतकल मारून बसली आणि म्हणाली, "हो का?"

इतक्या वर्षांत प्रथमच मी तिच्यावर ओरडलो. म्हटलं, एकदा तरी नुसतं हो म्हण. वारा तेवढा होता.

मग कन्येनं माझ्या गळ्यातून यंत्र काढून घेतलं. लांब जाऊन उभी राहिली, बघितलं, तिथल्या तिथे वळली, पुन्हा बघितलं. मग यंत्र तळहातावर धरून हळूहळू माझ्याकडे चालत आली. माझ्यापाशी पोचता पोचता सुई हलली आणि तिनं माझ्या छातीकडे तोंड केलं. कन्येनं यंत्र आणखी जवळ आणलं. टक. यंत्र माझ्या बिल्ल्याला जाऊन चिकटलं आणि लोंबकळत राहिलं.

"काखेत कळसा," बायको म्हणाली. पुढचं तिला हसण्यामुळे म्हणता आलं नाही. दोघी एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या. डोळ्यांतून पाणी माझ्याही आलं, पण ते वाळूमुळे.

तेवढ्यात गाडीचा हॉर्न. ड्रायव्हर जागा होऊन आम्हाला बोलवत होता. टपरी दोन टेकड्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर. आम्ही तिच्याच भोवती फेऱ्या मारत होतो. परतताना पुढे कन्या चालली.

२४ मार्च, सोमवार
साडूचा फोन. "काय, उत्तर सापडलं का?" ठेवून दिला.
दुकानात कॅशियरला काही बोललो नाही. यंत्र बिनदोष होतं. बिल्लाही बिनदोष होता. दोघांना एकत्र आणलं, ही पुस्तिका लिहिणाऱ्याची हलगर्जी. "छातीजवळ धरा" म्हणून लिहिलंय. छातीवर काय असावं काय नसावं, अवाक्षर नाही.

रागावलोय तो मात्र वेगळ्याच गोष्टीवरून. तिनं मला काहीतरी विचारलं होतं. मी दिशा बघत बसलो.

२७ मार्च, गुरुवार
आज सांगायचं ठरवलं होतं. करमेल म्हणून. सुरुवातीला नाही करमणार, मग करमेल, असं. वाक्य बांधून तयार होतं. ती फोनवर होती. मग मैत्रीण आली. मग जेवण, तेव्हा साडूचा विषय. उद्या.

२९ मार्च, शनिवार
बॅग भरून झाली. ती बॅगेवर बसली, मी चेन ओढली. दोघंच होतो. म्हटलं हीच वेळ.
विचारलं, टॉर्च घेतलास का?
घेतला म्हणाली. मग तिनं विचारलं, "तुझा बिल्ला नेऊ? तिथं फ्रीजला लावीन." म्हटलं ने. साहेबांना हरवला म्हणून सांगीन, नवीन मिळेल. ती थोडा वेळ बघत राहिली. मी म्हटलं चेन नीट लागलीये, काळजी करू नकोस.
उद्या स्टँडवर नक्की.

३० मार्च, रविवार
स्टँडवर गर्दी. तिची खिडकी उलट्या बाजूला आली, बोलता येईना. मी बायकोला म्हटलं, तू इथं थांब, मी बाहेर फाटकापाशी जातो. बस उत्तरेकडे जाणार, म्हणजे उत्तरेच्या फाटकातून निघणार. बस वळणापाशी हळू होईल, तेव्हा सांगता येईल. यंत्र बरोबर होतं. बिल्ला नव्हता. या वेळी चूक व्हायला वावच नव्हता. उत्तरेचं फाटक अचूक शोधलं.

बस आली. खिडकी दिसेना, म्हणून अख्ख्या बसलाच दोन्ही हात हलवले. सुरुवातीला नाही करमणार, मग करमेल, असं मोठ्यानं ओरडलोसुद्धा. एका खिडकीतून एका आजोबांनी हात केला.

मग फोन वाजला. कन्या. रस्ता एकेरी केलाय म्हणे, तिची बस तेव्हाच दक्षिणेच्या फाटकातून निघाली होती. "बाबा, मी मागच्या काचेतून हात करत होते. तू कुणाला करत होतास?"

मी म्हटलं, जाणाऱ्या सगळ्यांनाच. ती हसली. मग म्हणाली, सुट्टीत आले की परत वाळवंटात जाऊ आपण. पुढे आई चालेल. मी वाक्य सुरू केलं आणि आवाज तुटायला लागला. तिचा असेल, किंवा रेंजचा. "पोचलीस की कळव" तेवढं गेलं असावं.

घरी आलो. घर फार नीटनेटकं दिसत होतं. यंत्र टेबलावर ठेवलं. सुई न्हाणीघराकडे, जराही न हलता. मी बायकोला म्हटलं, बघ, आपला बिल्ला तिकडे गेलाय ना, म्हणून ती तिकडे दाखवतेय.

ती "हो का?" म्हणेल म्हणून मी थांबलो होतो.

ती म्हणाली, "हो." आणि चहा टाकायला आत गेली.