वळणावरचं दार

अण्णा, गेल्या आठवड्यात नायगावकडची एक जुनी जीप माझ्यासमोर तपासणीला उभी राहिली. माझं हे काम तुम्ही पाहिलेलं नाही. तुम्ही गेल्यावर तीन वर्षांनी मला ही नोकरी लागली. नांदेडला गाड्या तपासते, रस्त्यावर धावायला लायक आहेत की नाहीत ते लिहून देते. त्या मालकानं गाडीला खालून ताजा काळा रंग मारून आणला होता. मी पोतं टाकून खाली शिरले आणि तुमच्यासारखीच पान्यानं चेसीच्या सांगाड्यावर ठोके देत गेले. चांगलं लोखंड घणघणतं आणि गंजानं पोखरलेलं भद्द बोलतं, हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलेलं नाही. मागच्या डाव्या स्प्रिंगच्या पाट्याच्या वर ठोका भद्द आला. रंग खरवडला तर खाली बोटभर चीर. बाहेर येऊन मी मालकाला गाडी जरा पुढं घ्यायला सांगितली. ती खड्ड्यातून वळली आणि तिचं मागचं डावं दार, कुणाचा हात न लागता, हळूच उघडलं. मालक हसत म्हणाला, "म्याडम, त्याला सवयच हाय तशी." मी नालायक असा शेरा लिहिला, पण त्यानंतर दिवसभर माझं चित्त ठिकाणावर नव्हतं.

तेव्हा लातूर जिल्हा नवा झाला होता, आणि तुम्ही तिथं कलेक्टर कचेरीत साहेबांचे ड्रायव्हर होता. कचेरीच्या पाटीचा रंग अजून ओला असल्यासारखा दिसायचा, पण तुमच्या वाट्याला आलेली जीप जुनीच होती. किलोमीटरचा आकडा एकदा पूर्ण फिरून पुन्हा शून्यावरून सुरू झाला होता. "ही दुसऱ्यांदा जन्मलीय," असं तुम्ही म्हणायचे. तळाच्या पत्र्याला इतकी भोकं होती, की मागं बसलं तर पायाखालून रस्ता पळताना दिसायचा. मागच्या दाराची फट वर दोन बोटं आणि खाली अर्धं बोट. त्यात त्या वर्षी पाऊस नाही. साहेबांना घेऊन तुम्ही रोज गावोगाव फिरायचे, कुठं टँकर पोचला, कुठं दुष्काळी कामावर किती माणसं आली ते बघत. संध्याकाळी घरी आलात की भुवयांवरसुद्धा माती असायची.

चाकूरच्या अलीकडं, कोरड्या पडलेल्या तळ्याला वळसा घालून रस्ता जायचा. त्या वळणावर जीपचं मागचं डावं दार दर वेळी उघडायचं. इतर खड्ड्यांत नाही, इतर वळणांवर नाही, फक्त तिथं. आवाज न करता उघडायचं, आणि मग जीप डावीकडं किंचित खाली बसायची, कुणीतरी आत येऊन टेकल्यासारखी. कचेरीत सगळ्यांना ठाऊक झालं होतं. एका कारकुनानं पुढं लिंबू-मिरची बांधली, दुसऱ्यानं सांगितलं की तळ्यात एक बाई बुडून गेलेली आहे, तीच चढते गाडीत. गाडी दुरुस्तीला लावा असा तुमचा अर्ज मात्र कुणी वाचला नाही.

मी तेव्हा अकरा वर्षांची. तुमच्या सोबतच्या एका ड्रायव्हरकाकांनी आमच्या ओट्यावर बसून ही गोष्ट सांगितली आणि मी ती आईला चुलीपुढं सांगितली, वर माझं पदरचं घातलं, की मीसुद्धा मागच्या खेपेला त्या वळणावर बाई बघितली. तुम्ही दारात उभे होते. तुम्ही माझा दंड धरला, बाहेर नेलं, जीपखाली पोतं अंथरलं आणि म्हणालात, "शिर आत." ग्रीसचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास. तुम्ही माझं बोट धरून चेसीच्या चिरेवरून फिरवलं. चिरेच्या टोकाशी खडूची रेघ होती, आणि चीर त्या रेघेच्या पुढं गेली होती. "ही रेघ मागल्या सोमवारची हाय. बघ कुठवर आली. वळणावर सगळं वजन डावीकडं येतंय, चेसी पिळती, दाराची कडी सुटती. हे तुझं भूत." मग बाहेर आल्यावर, माझ्या केसांतला गंज झटकत, पण आवाज न उतरवता म्हणालात, "तुझ्या आज्यानं दीक्षा घेऊन घरातले देव बाहीर ठिवले, ते भुतं आत घ्यायला न्हाई. पुन्हा त्या वळणावर कुणी दिसलं म्हणून तोंडातनं काढायचं न्हाई." त्या दिवसाची मला अजून भीती वाटते. तुमची नाही. ती चीर बोटाखाली गार लागली होती, एवढ्या उन्हाळ्यात.

गंमत अशी, की थोड्याच दिवसांनी तुम्हीच एका बाईबद्दल सांगितलंत. दार उघडलं की तुम्ही थांबायचे, खाली उतरून ते लावायचे. साहेब पुढं मान टाकून झोपलेले असायचे. एकदा तळ्याच्या उतारावरून एक बाई वर आली आणि तिनं तांब्या पुढं केला. रेडिएटर गळायचा म्हणून तुमच्याकडं पाण्याचा डबा असायचाच. तुम्ही तिला पाणी दिलंत. त्यानंतर जेव्हा जेव्हा दार उघडून गाडी थांबली, तेव्हा ती आली. आईनं विचारलं, "कोणाची हाय?" तुम्ही भाकरी मोडता मोडता म्हणालात, "इचारलं न्हाई. पाणी मागणाऱ्याला कोण म्हणून इचारायचं व्हय?"  दुसऱ्या दिवसापासून आई तुमच्यासोबत पिण्याच्या पाण्याचा एक वेगळा डबा देऊ लागली.

शेवटी तुम्ही साहेबांनाच जीपखाली वाकायला लावलंत, आणि मग चेसीला वेल्डिंग झालं. चिरेच्या टोकाला आधी भोक पाडलं, म्हणजे ती पुढं पळत नाही, हे तुम्ही मला समजावून सांगितलंत. दुसऱ्याच दिवशी मला मावशीच्या गावी सोडायचं होतं. गाव वाटेवरच, म्हणून साहेबांनी मला मागं बसू दिलं. दुपार आहे, रस्ता पांढरा झालाय, साहेब त्या दिवशी जागे आहेत आणि घड्याळ बघताहेत. वळण येतं. तुम्ही सवयीनं वेग कमी करता. दार उघडत नाही. साहेब म्हणतात, "वा! धरलं की वेल्डिंगनं. चला आता, उशीर झालाय." तुम्ही आरशात बघता, मागं धुळीशिवाय काही नाही, आणि गाडी पुढं काढता.

मावशीच्या दारात मला उतरवताना तुम्ही खाली वाकून, साहेबांना ऐकू जाणार नाही असं विचारलंत, "मागं कुणी उभं हुतं का गं?"

मी म्हणाले, "न्हाई अण्णा. कुणीच नव्हतं."

ती होती. धुळीतून वर आली, हातात तांब्या, हिरवट लुगडं गुडघ्याजवळ फाटलेलं. ती जीपमागं पाच-सहा पावलं धावली आणि थांबली. ओरडली नाही. मी काचेतून तिच्याकडं बघत होते आणि तीही माझ्याकडंच बघत होती. तुम्ही बजावलं होतं, त्या वळणावर कुणी दिसलं म्हणायचं नाही. मी तुमचं ऐकलं, असं मी स्वतःला कितीतरी वर्षं सांगितलं.

पुढच्या खेपेला तुम्ही तिथं दार न उघडताही थांबलात. ती आली नाही. त्याच्या पुढच्या खेपेलाही नाही. तुम्ही जवळच्या गावात जाऊन विचारलंत. लोक म्हणाले, अशी बाई आमच्यात नाही, आणि तळ्याकडं तर पाणी आटल्यापासून कुणी फिरकत नाही. इतके दिवस तिला तुमच्याशिवाय कुणीच पाहिलेलं नव्हतं. एकच माणूस पाहू शकला असता, आणि त्यानं नाही म्हटलं होतं.

सुट्टी संपल्यावर तुम्ही मला परत आणायला आलात तेव्हा साहेब गाडीत नव्हते. वळणावर तुम्ही जीप थांबवलीत, खाली उतरलात, मागचं डावं दार स्वतःच्या हातानं उघडलंत आणि बाजूला उभे राहिलात, एखाद्याला आत यायला जागा द्यावी तसे. तळ्याच्या भेगाळलेल्या तळावरून वारं आलं. मी आत आक्रसून बसले होते. बऱ्याच वेळानं तुम्ही दार लावलंत. मी विचारलं, "काय करायलात अण्णा?" तुम्ही म्हणालात, "कडी बघितली." तुम्ही माझ्याशी खोटं बोललेलं मला तेवढंच आठवतं.

त्यानंतर महिनाभरात तुम्ही स्टिअरिंग सोडलंत. फायली उचलीन, पण गाडी नको, असं लेखी दिलंत. कचेरीत म्हणायचे, बाईनं धरलं. आई म्हणायची, डोळे गेलेत. चीर बोटानं दाखवणारा माणूस स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवीना. आरशात बघून भांग पाडायचंही तुम्ही बंद केलंत. आणि कितीतरी वर्षांनी, नांदेडच्या दवाखान्यात, आई चहा आणायला खाली गेली होती तेव्हा तुम्ही माझा हात धरून पुन्हा विचारलंत, "खरं सांग. हुती का ती?" मी मोठी झाले होते, नोकरीच्या परीक्षा देत होते, भीतीचं काही कारण नव्हतं. तरी माझ्या तोंडून तेच निघालं. तुम्ही मान हलवलीत आणि भिंतीकडं तोंड केलंत.

हे पत्र लिहून मी कुठं ठेवणार ते मला ठरवता येत नाही. घरात कुणाला दाखवायचं नाही एवढं नक्की. पण एक राहिलंय. त्या दुपारी मला दाराची भीती वाटत होती, म्हणून लातूर सोडल्यापासून मी त्याची आतली मूठ दोन्ही हातांनी धरून बसले होते. वळणावर मुठीनं हिसका दिला, अगदी बाहेरून कुणी ओढावं तसा. मी पाय पुढच्या सीटला लावून सगळ्या जोरानं दार आत ओढून धरलं. वेल्डिंगनं काही धरलेलं नव्हतं, अण्णा. तळहातावर दोन दिवस वळ होता. मावशीनं विचारलं, तर मी म्हणाले, दोरीवरच्या उड्या मारताना लागलं.