खोलीबाहेरचा माठ

।। श्री महादेव प्रसन्न ।।
सेलू, ता. ६ मे १९८७

चि. उमा हिस शिवमूर्तीदादाचे अनेक आशीर्वाद.

इकडील सर्व क्षेम. तुझी भाची गिरिजा आठ दिवसांपूर्वी बाळंत झाली, मुलगी झाली, हे तारेनं कळवलंच होतं. आता तपशील. बाळंतपणाचं खातं तुझ्या वहिनीनं शेजारच्या सरजाबाईंकडे सोपवलं आहे. त्यांनी आजवर दोनशे बाळंतपणं उरकली, म्हणजे तुझ्या हैदराबादच्या दवाखान्यातले डॉक्टर त्यांच्यापुढे शिकाऊच. बाहेर कापसाच्या जिनिंग गिरणीच्या पत्र्यावर भाकरी भाजावी असं ऊन, आणि आत खिडक्या बंद, बाजेखाली शेगडी, पोरीचे कान बांधलेले. फक्त फोडणी द्यायची राहिली आहे.

पाणी वर्ज्य. पाण्यानं बाळंतिणीचं पोट सुटतं म्हणे. ओवा घालून उकळलेल्या पाण्याच्या दोन पळ्या सकाळी, दोन संध्याकाळी, तीर्थासारख्या. काल गिरिजानं माझ्याकडे हळूच तांब्याभर पाणी मागितलं. मी सांगितलं की हे खातं माझ्याकडे नाही, वर अर्ज कर. तिची नजर सारखी कोपऱ्यातल्या माठाकडे जाते, म्हणून तो मीच उचलून ओसरीत ठेवला. या बाळंतपणात माझ्या वाट्याला आलेलं हे एकमेव काम. चार दिवसांपासून डोकं दुखतं म्हणते. सरजाबाईंनी दृष्ट काढली, मिरच्यांचा ठसका मात्र मला लागला.

लोभ आहेच, तो वाढव.
तुझा दादा

हैदराबाद, ता. १० मे १९८७

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. मी बावीस वर्षं नर्स आहे, पण पोटच्या पोरीला मे महिन्यात वाळवून ठेवायची तुमची रीत आमच्या पुस्तकात नाही. उन्हाळ्यात म्हशीला तू दोनदा हौदावर नेतोस. गिरिजाला म्हशीचा मान दे, एवढीच विनंती.

आता थट्टा पुरे. बाळंतपणानंतर बाईचं रक्त मुळातच लवकर गोठतं. त्यात अंग सुकलं, तर डोक्यातलं रक्त खाली आणणारी शीर तुंबू शकते. असं डोकं धरून आलेल्या बाळंतिणी मी पाहिल्या आहेत, आणि त्या सगळ्या घरी परतल्या नाहीत. हे पत्र वाचून संपायच्या आत तिला पाणी दे. उलट्या झाल्या, अंधुक दिसलं, झटका आला, तर अंगारे शोधत बसू नकोस. मिळेल त्या गाडीनं इकडे आण.

राग आला तर येऊ दे, माया तेवढी ठेव.
तुझी उमा

हैदराबाद, ता. १७ मे १९८७

सौ. चन्नबसम्मावहिनीस सा. न. आबासाहेब मास्तरांनी हे सावकाश वाचून दाखवावं.

माझं पत्र आणि गिरिजाचा पहिला झटका एकाच दिवशी घरात आले, असं दादानं सांगितलं. तरी देवगाव फाट्याच्या देवऋषीसाठी तुम्ही अर्धा दिवस काढलातच. दादा तिला घेऊन इथं उतरला तेव्हा तिचा उजवा हात उचलत नव्हता आणि जीभ जड झाली होती.

काल तिच्या डोक्याचा सीटी स्कॅन झाला. हातातल्या शिरेत औषध टोचून आडवे काप घेतल्यासारखे फोटो काढतात. औषधानं ती मोठी शीर पांढरी दिसायला हवी होती. मागच्या बाजूला नुसता पांढऱ्या कडांचा त्रिकोण दिसला, आत रिकामा. तिथं गुठळी आहे. फाट्यावरच्यानं सांगितलेली हडळ ती हीच. मी नीट निरखून पाहिली, पाय उलटे नव्हते.

रक्त पातळ ठेवायचं औषध सुरू आहे. आठ दिवस काही सांगता येत नाही. पाणी हेच एकटं कारण असं डॉक्टर म्हणत नाहीत, पण त्यानं भर पडली म्हणतात. दादा सगळा दोष तुमच्यावर टाकून व्हरांड्यात बसला आहे. माठ कुणी उचलला ते त्याच्याच पत्रात आहे. ते पत्र मी जपून ठेवलं आहे.

तुमच्या नातीला आशीर्वाद. माझ्यावरचा जीव कमी करू नका.
उमा

सेलू, ता. २२ मे १९८७

उमावन्संला चन्नबसम्माचे शरणार्थ. मास्तर लिहायलेत, मी सांगायले.

गिरजाची तान्ही पोरगी हितं माझ्याजवळ वाटीचमच्यानं दूध प्यायली. पत्र आयकलं. पाणी न्हाई द्यायचं हे मी सरजाबाईकून न्हाई शिकले, माझ्या आईकून शिकले. माझी धाकली बहीण तानुबाई राणीसावरगावात बाळंत झाली आन बाराव्या दिशी गेली. आठ दिस डोकं धरून पाणी मागायली. आमी म्हणलो नजर लागली. मी उशाला बसून तिचं तोंड वल्ल्या फडक्यानं पुसायले, तर तिनं ते फडकं चोखलं. मी चोखू दिलं. चोवीस वर्सं मला वाटायलंय, त्या पाण्यानंच गेली. म्हणून माझ्या गिरजाला मी फडकंसुदिक लावलं न्हाई.

मास्तर डोळे पुसायलेत. त्यांना म्हणलं, आदी लिहा, मग रडा.

लेकरू वापस आणा वन्सं. दुसरं काय मागू?
तुमची वहिनी

सेलू, ता. ३ सप्टेंबर १९८७

चि. उमा हिस अनेक आशीर्वाद.

गिरिजा सुधारली. बोलणं स्वच्छ झालं. उजव्या हातानं फुलपात्र धरते, भरलेलं असलं की थोडं सांडतं. समोरच्या कुसुमबाईंची सून बाळंत झाली, तर तुझी वहिनी भरला माठ घेऊन थेट तिच्या खोलीत जाऊन बसली. सरजाबाईंनी हरकत घेतली. वहिनीनं सांगितलं की आधी मला उचलून बाहेर ठेवा, मग माठ. सरजाबाईंनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि चहा मागितला.

माझं ते पत्र जपून ठेवलंस, ते बरं केलंस. ते फाडू नकोस.

गिरिजाच्या बाजेशेजारी आता दोन माठ आहेत. तरी तहान लागली की ती आधी माझ्याकडे बघते आणि पाणी घेऊ का अप्पा, असं विचारते. तिला तसं विचारायचं नसतं, तोंडातून निघून जातं. मी उठतो आणि तांब्या भरून देतो.

लोभ आटू देऊ नकोस.
तुझा दादा