भिंतीची साक्ष

बाबा,

काल शाळेतली तुमची काच तडकली. त्र्याहत्तर साली बसवलेली, दुसरी. तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली. ती मात्र पंधरा वर्षं अखंड होती. मी आता त्याच शाळेत, त्याच खोलीत शिकवते. तारीख लिहायला फळ्याकडे वळले आणि काचेच्या मधोमध केसाएवढी रेघ दिसली. खडू हातातच राहिला. एवढी दगडी भिंत, चाळीस मुलींच्या समोर, कुणालाही न कळता सरकली होती.

गोदावरीच्या बाजूच्या या भिंतीत पिंपळ रुजला आणि चीर पडली, तेव्हा नगरपालिकेनं गवंडी म्हणून तुम्हाला पाठवलं होतं. तुम्ही चिरेवर आडवी काचेची पट्टी बसवलीत, दोन्ही टोकं सिमेंटच्या मालात घट्ट, आणि ओल्या मालात खिळ्यानं महिना आणि साल कोरलंत. भिंत हलली तर काच तडकणार. तिला तुम्ही साक्ष म्हणायचात. रविवारी मला घेऊन ती बघायला यायचात. आधी पिंपळ, मग चीर, मग काच. मूळ तेव्हा सुतळीएवढं होतं. माझं बोट त्यावर ठेवून तुम्ही म्हणालात, "हे दगड उचलतं. लय सावकाश. आपल्याला दिसत नाय, म्हणून ही साक्ष. हिला हात लावायचा नाय." मला ते खरंही वाटेना आणि तिथून पायही निघेना. त्या दिवसापासून कुठलीच भिंत मला नुसती भिंत वाटलेली नाही. आजही बाजारातून जाताना मी दुकानांच्या पाट्या सोडून वरच्या लाकडी गॅलऱ्या बघते आणि लोकांचे धक्के खाते.

मी तेव्हा याच खोलीत सहावीत होते. मधल्या सुट्टीत बाकावर चढून मी भिंतीला कान लावला. दगड सरकताना आवाज होत असेल, असं माझं पक्कं मत होतं. काही ऐकू येईना, म्हणून कर्कटकानं काचेवर टकटक केलं. दुसऱ्या टकटकीला ती फुटली. तुकडा सावरायला गेले आणि बोट कापलं.

दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग बाहेर निंबाखाली बसवलेला होता. ऑफिसातले साहेब तुम्हाला घेऊन आले. तुम्ही काचेजवळ डोळे नेऊन बराच वेळ उभे आहात. मग आमच्याकडे वळून बघता. माझ्या बोटाला हळद आणि चिंधी. मी आपणहूनच सांगून टाकते, विळीनं कापलं. तुम्ही परत वळता. साहेबांना म्हणता, "भिंत नाय हलली, साहेब. माझाच माल कच्चा राहिला." साहेबांनी सगळ्यांदेखत तुम्हाला फैलावर घेतलं, इतकी वर्षं काम करून एक पट्टी बसवता येत नाही म्हणाले. तुम्ही मान खाली घालून ऐकलंत, नवी काच लावलीत, आणि पुढं वर्षभर तुम्हाला गटारांच्या कामावर घातलं. त्या वर्षी घरी मी तुमच्याकडे नीट पाहिलं नाही. तुम्हाला स्वतःच्या हाताबद्दल शंका आली असेल, या विचारानं मला जेवण जात नसे.

आज इंजिनिअर आले. मूळ आता माझ्या मनगटाएवढं आहे. ते म्हणाले, बाई, कुणी पोरीनं फोडली असेल. मी म्हटलं, नाही. टोचून फुटलेली काच एका ठिपक्यातून चहूकडे तडकते, तुकडा निखळतो. ही सरळ चिरली आहे, आणि दोन्ही अर्धे नखभर खालीवर झालेत. त्यांनी विचारलं, तुम्हाला कसं माहीत? मी म्हटलं, वडील गवंडी होते. त्यांनी पट्टी पुन्हा पाहिली आणि खोली रिकामी करायला सांगितली. मुली पुन्हा निंबाखाली बसल्या.

घरी येताना पुलावर एकदम थांबले. सायकलवाला मागून ओरडला. मला हे एका काचेवरून कळलं, तर तीस वर्षं भिंती बघणाऱ्या माणसाला त्या दिवशी काय दिसलं नसेल? तुमचा माल कधीच कच्चा नव्हता. मूळ दगड उचलतं याचं मला इतकी वर्षं नवल वाटत आलं. तुम्ही काय उचललंत, ते आज कळलं.

हे पाकिटात घालायचं नाहीच, तर एवढं लिहून टाकते. तुम्ही विचारलं नव्हतं, तरी मी सांगितलं होतं. विळीनं नव्हतं कापलं, बाबा.