माहेरच्या गडाचं पाणी

आई,

परवा मी तुझ्या माहेरच्या गडावर जाऊन आलो. एकटाच गेलो. तुझी सून म्हणत होती, गुडघे कुरकुरतायत, आता या वयात गड कसले चढताय, त्यापेक्षा जवळच्या देवाला जाऊन या. पण मला गडावरच जायचं होतं, आणि का जायचं होतं ते तिला सांगता येत नव्हतं. तुला सांगायलाही बारा वर्षं उशीर झालाय. तू असतीस तर सगळ्यात आधी विचारलं असतंस, जेवलास का. जेवलो. पायथ्याला तुझ्याच गावात एका घरी पिठलं-भाकरी मिळाली, वर ठेचाही मिळाला.

आपल्या सणसरच्या घरातला तुझा स्वयंपाक आठवला की मला आधी डाळ आठवते, न शिजणारी. कॅनॉलला पाणी असेल तोवर विहीर बरी असायची, एरवी बोअरचं मचूळ पाणी. हंड्याला आतून पांढरा थर धरायचा, साबणाला फेस यायचा नाही, आणि तुरीची डाळ चुलीवर दोन दोन तास रटरटून दाणा न् दाणा वेगळा राहायचा. शेजारच्या बायका चिमूटभर सोडा टाकून मोकळ्या व्हायच्या. तू टाकत नव्हतीस. पळीनं डाळ घोटता घोटता रोज तेच म्हणायचीस, "आमच्या गडाच्या पाण्यात एका कढात इरघळती. हितं दगडाला पाझर फुटंल, पर डाळीला न्हाय." दादा ताटावर बसून नवऱ्याच्या हक्कानं तुला डिवचायचे, "मग गडावरच ऱ्हायचं हुतं की डाळ खात." "ऱ्हायलेच असते," तू म्हणायचीस, "तुमच्या बानं मागणी घातली न्हवं का." आणि मग पुन्हा एकदा आम्हाला गडाची गोष्ट ऐकावी लागायची. गडाच्या पोटात कातळात खोदलेलं देवटाकं आहे, त्यात जिवंत झरा आहे, भर उन्हाळ्यात आटत नाही, महादेवाचं पाणी म्हणून लोक तीर्थ घेतात, आणि टाकं भरून जे सांडतं ते झिरपत खाली ओढ्याला येतं. तुमचं गाव तेच पाणी पीत होतं. लग्न होईपर्यंत सतरा वर्षं तू तेच प्यालीस. हे सगळं मला पाढ्यासारखं पाठ होतं, पण मला तू तिकडं कधी नेलं नाहीस. तुझ्या माहेरचं कुणी उरलं नव्हतं, आणि बोलावल्याशिवाय माहेरी जायचं नाही हे तुझं ताठ मत. बोलावणार तरी कोण होतं? गड?

मग मी पाण्याचा धंदा काढला. फाट्यावर पत्र्याचं शेड, त्यात फिल्टरचं मशीन, निळे जार आणि एक जुना टेम्पो. पहिला जार झेंडूचा हार घालून तुझ्यापुढे आणून ठेवला. चार पाहुणे जमलेले. तू तांब्याभर घेतलंस, एक घोट तोंडात फिरवलास आणि उरलेलं सगळं पायरीवर ओतलंस. "मेल्यालं पाणी हाय," म्हणालीस. "ना चव, ना वास. पोटात जातं, पर तहान हाय तितंच ऱ्हाती." मला राग आला, आई. पुष्कळ दिवस तो गेला नाही. बारामतीच्या दुकानांत माझे जार जायला लागले, कळंब-डाळजच्या लग्नांत लोक माझं पाणी वाखाणायला लागले, आणि माझ्याच घरात माझी आई बोअरचं पाणी उकळून, फडक्यानं गाळून पीत होती. एकदा तुझ्या सुनेनं गुपचूप जारच्या पाण्याचा चहा केला. तू कपाला ओठ लावलेस आणि कप खाली ठेवलास. "सूनबाई, ह्या च्यात मशिनीचं पाणी हाय." आम्ही दोघं नवराबायको एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. दूध, साखर, आलं, एवढं सगळं घालूनही तुला आतलं पाणी कळलं होतं.

तुझा शेवटचा वैशाख. बारामतीच्या दवाखान्यातून तुला घरी आणलंय, आणि घरी आणण्याचा अर्थ आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. तू ओसरीवर पडलेली आहेस, मी उशाशी बसून वारा घालतोय, आणि तू मधेच म्हणतेस, "घोटभर गडाचं पाणी मिळंल का रं?" मी म्हणतो, "उद्या आणतो की." जन्मात तू माझ्याकडे मागितलेली ही पहिलीच गोष्ट. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टीलचा कॅन मोटरसायकलला अडकवून मी निघालो आणि फाट्यावरच्या शेडपाशी थांबलो. लग्नसराई होती, डाळजच्या एका लग्नाचे जार भरायचे होते. कॅन मी माझ्याच मशीनच्या नळाखाली धरला. दिवसभर घराकडे फिरकलो नाही. दिवस मावळायला आला तेव्हा फाट्यावरच्या देवळातून बेलाचं एक पान उचललं, कॅनमध्ये टाकलं आणि मग घरी आलो. पाण्याचं एक वेळ सोड. त्या बेलाच्या पानाची मला आज जास्त लाज वाटते.

तुला आम्ही धरून बसवलं. तू फुलपात्रातलं अर्धं पाणी प्यालीस, डोळे मिटलेस. "हेच," तू म्हणालीस. "हेच पाणी." मग विचारत सुटलीस. पायऱ्या अजून धड हायत का, गर्दी हुती का. मी दडपून सांगत गेलो. "आन् टाक्याच्या काठाला मोठी चिंच हाय, तिच्या सावलीला बसलास का?"

"बसलो की. तितंच भाकरी खाल्ली."

"मग झालं," म्हणालीस आणि हसलीस. उरलेल्या पाण्यात डाळ लावायला सांगितलीस. डाळ एका कढात शिजली. शिजणारच, मशीन पाण्यातला क्षारच काढून टाकतं. तू भात कालवून चार घास खाल्लेस, आणि माझ्याकडे बघून म्हणालीस, "बघ, म्हनलं न्हवतं?" त्या आठवड्यातच तू गेलीस.

एवढी वर्षं ते मनाला खात होतं, पण गडाकडं पाय वळत नव्हता. परवा वळला. महादरवाजाच्या आत उजव्या हाताला वाट आहे, ती दोन बुरुजांच्या मधून टाक्यावर उतरते. उघडा कातळ, त्यात चौकोनी खोदलेलं टाकं, आणि मागच्या कपारीतून बोटाएवढी धार सारखी पडतेय. काठावर एक म्हातारी फुलं आणि बेल घेऊन बसली होती. माझ्या खिशात पाणी तपासायचा मीटर होता, तो धंद्याच्या सवयीनं कायम खिशात असतो. मी तो काढला, म्हातारीकडे बघितलं आणि परत खिशात ठेवला. चपला काढून खाली उतरलो, ओंजळ भरली आणि प्यालो.

त्याला चव होती, आई. थोडी दगडाची, थोडी शेवाळाची, आणि गिळल्यावर मागून हळूच येणारी गोडी. वीस वर्षं पाण्यात काढलेला माणूस मी, पण असं पाणी माझ्या तोंडाला कधी लागलं नव्हतं. हे आणि माझ्या जारमधलं, दोन्ही एक म्हणणारा माणूस शोधून सापडायचा नाही. मग तुला कसं कळलं नाही? आजारपणात जिभेची चव जाते, असं मी स्वतःला समजावलं. ऊन डोक्यावर आलं होतं. बसायला सावली बघावी म्हणून मान वर केली, तर सगळीकडे कातळच.

"मावशी, हितली चिंच कधी पडली?" मी म्हातारीला विचारलं.

"कंची चिंच?"

"टाक्याच्या काठाला होती ना मोठी."

"आरं बाबा, ह्या कातळावर धड गवात उगवंना, चिंच कुठनं आली? लगीन हून ह्या गावात आले तवापासनं हितं बसतीया. चिंच न्हाय, बोर न्हाय, काय सुदिक न्हाय."

मी पायरीवरच बसलो. आधी हसू आलं, चांगलं मोठ्यानं आलं, आणि मग ते हसू कुठं संपलं ते कळलं नाही. म्हातारी फुलं सारखी करता करता म्हणाली, "कोन गेलं का रं तुझं?"

"आई."

"कवा?"

"बारा वर्षं झाली."

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. "मग आज कशापायी रडतूयास?"

तिनं एक बेलाचं पान माझ्या हातावर ठेवलं, आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

तू पहिल्याच घोटाला ओळखलं होतंस. चिंचेचं विचारून पोरगा कुठवर जातोय तेही बघून घेतलंस. आणि तरी हेच पाणी म्हणालीस, तरी डाळ लावायला सांगितलीस, तरी चार घास खाल्लेस. खरा गडाचा घोट तुला मिळालाच नाही. त्याच्यासाठी तू माझ्याशी भांडायला हवं होतंस. मला तू पाहिजेस, आई, दुसरं काही नाही. एकदा समोर बस आणि म्हण, लबाडा, बेलाचं पान कुठनं उचललंस? एवढं एक ऐकायला मी तो गड रोज चढेन, गुडघे गेले तरी चालतील.

आणखी एक सांगतो. या बारा वर्षांत मी त्या दिवसाची जाहिरात केली. नवीन गिऱ्हाईक आलं की म्हणायचो, आमच्या आईला गडाच्या झऱ्यात आणि आमच्या जारमध्ये फरक कळला न्हाय. लोक हसायचे आणि जार घ्यायचे. काल कळंबचा एक हॉटेलवाला शेडवर आला होता. "पाणी खात्रीचं हाय न्हवं?" म्हणाला. माझं तोंड सवयीनं उघडलं, "आमच्या आईला" एवढं निघालं आणि पुढं गाडी अडली.

"काय आईला?"

"आईला हे पाणी कधी आवडलं न्हाय."

तो बघतच राहिला. "मग आमी का घ्यावं?"

"ते तुमी ठरवा," मी म्हटलं. त्यानं घेतलं की नाही ते मी बघितलंही नाही, आत जाऊन मशीन चालू केलं.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही. टाक्यात सोडावं असं एकदा मनात आलं होतं, पण ते प्यायचं पाणी आहे, त्यात कागद टाकू नये एवढी अक्कल धंद्यानं दिलीय. राहील टेम्पोच्या कप्प्यात.

वर मी लिहिलंय की लग्नाचे जार भरायचे होते म्हणून शेडवर थांबलो. ते खरं नाही. जार भरायला माणसं होती. सकाळी निघालो होतो, गड करून दिवेलागणीला सहज घरी आलो असतो. पण नळाखाली कॅन धरला तेव्हा माझ्या मनात एवढंच होतं, बघू आता आपल्या म्हातारीला हे ओळखू येतं का. तू मरणाच्या दारात होतीस, आई, आणि मला माझंच खरं करायचं होतं.