म्हैस सुटली तेव्हाची फिल्म

४ जून २०१२

हे सापडले. एकोणपन्नास वर्षांपूर्वी गेलेला माणूस, आणि सापडला कुठं तर सरकारी डब्यात!

नात शालू कॉलेजात इतिहास शिकवते. शाळेच्या पोरांसाठी जुन्या फिल्मा जोडून धडा करतेय — पुण्याभोवतीची खेडी कशी होती त्यावर. त्यात आमचं विश्रांतवाडीचं रान निघालं. एकोणसाठ साली सरकारी माणसं नवा नांगर दाखवायला आलेली, ती फिल्म. आवाज नाही. फिल्मांच्या सरकारी कोठारात धडा करणाऱ्यांनाच बसू देतात, मला शालूनं वशिल्यानं नेलं. नांगराभोवती गडी, सगळे पाठमोरे. शालू म्हणाली, "आजी, यात आजोबा कोणते?" म्हटलं, "थांब की, वळतील आत्ता." वळले.

ह्यांनी जन्मात फोटो काढू दिला नाही. आयुष्य घटतं म्हणायचे. न काढता अठ्ठाविसाव्या वर्षी गेले. माझा संभाजी तेव्हा दोन वर्षांचा. बापाचं तोंड त्याला ठाऊक नाही. धड्यात बसेल तेवढाच तुकडा बाहेर मिळतो, म्हणून त्याला अजून सांगितलं नाही.

९ जून

शालूचे वरचे श्रीधर सर, शनिवार पेठेतले. आवाज हळू, चिमटा जोरात. म्हणाले, "गडी वळायच्या आधी कापा. सगळे एकदम कॅमेऱ्याकडे बघतात. पोरांना वाटेल, फोटोला उभे केलेत."

म्हणजे तोंड जाणार, पाठ राहणार. पाठ मला काय नवी? लग्नानंतर वर्षभर तीच बघितली.

म्हटलं, "सर, कॅमेऱ्याकडं नाही, माझ्याकडं बघत्यात." मी कॅमेरावाल्याच्या मागं होते. म्हैस दावं तोडून पाहुण्यांच्या जीपकडं निघालेली. नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नव्हती. ओरडले, "अहो!" रानातले लग्न झालेले सगळे गडी वळले. हे सगळ्यांत शेवटी.

सर म्हणाले, "खरं असेल. पण पडद्यावर म्हैसही नाही आणि आपणही नाही."

म्हशीशेजारी बसवलं, तेही आपण म्हणून.

१० जून

शिरा केला. सरांना डबा पाठवू का विचारलं. शालू म्हणाली, लाच दिसेल. संभाजीनं खाल्ला.

१३ जून

शालूनं सरांना तोड सुचवली — आजीची हाक भरू, म्हणजे गडी का वळले ते कळेल. सर म्हणाले, "हाक आत्ता भरली आहे, असं खाली स्पष्ट लिहा. जमली तर ठेवू, नाहीतर कात्री."

१५ जून

गादीसारख्या भिंतींची खोली. कानाला डबडी. काचेपलीकडं सर, शालू, मशीनवाला, दारात शिपाई. पडद्यावर ह्यांची पाठ. पहिल्यांदा पाठच बघत बसले, हाक राहिली.

सर म्हणाले, "आजी, एवढ्यात म्हैस स्वारगेटला पोचली असेल."

मग हाक दिली ठेवून, "अहो!" पडद्यावरचे गडी वळले. मशीनवाला वळला, शिपाई वळला, सरसुद्धा. हे शेवटी. मुंडासं मागं सारून हसत होते. त्रेपन्न वर्षांपूर्वी मला म्हशीपुढं हे दिसलंच नव्हतं.

सर चष्मा पुसत म्हणाले, "राहू द्या."

१७ जून

शालूनं तुकडा आणला. संभाजी सकाळपासून तोच लावून बसलाय. पन्नाशी उलटलेला लेक, समोर चोविशीचा बाप. जेवायला हाक मारली, उठेना. जवळ गेले तर म्हणाला, "आई, आवाज बंद केलाय. तू मार की हाक."

मारली.