लाल दगडाचे कुंपण नऊ इंच आत घेण्याबाबत

प्रति,
मा. क्लार्क महोदया,
ग्राम परिषद, लिटल हार्नबी,
लेस्टरजवळ.

विषय : वर लिहिल्याप्रमाणे. (मागील अर्जात 'कुंपण काढून टाकण्याबाबत' असे होते. ते आता मागत नाही.)

संदर्भ : १) हिरवळीवरील माहितीफलक, स्थळ क्र. ५. २) आपले नकाराचे पत्र.

महोदया,

मी, जयंत पांडुरंग सातपुते, वय ७६, निवृत्त भूमापक, सात वर्षांपासून आपल्या गावी मुलगा गिरीश याच्याकडे सपत्नीक राहतो. अर्ज मराठीत लिहीत आहे. इंग्रजी प्रत सूनबाई अक्षया करून देतील. कारणे पुढीलप्रमाणे.

१. आपण गावाच्या इतिहासाचा जो फलक लावला आहे, तो मी पूर्ण वाचला आहे. चर्चचा मनोरा, बदकांचे तळे, जुना पब, हृदयविकाराचे यंत्र ठेवलेली लाल टेलिफोन पेटी, या चार स्थळांबद्दल माझी हरकत नाही. पाचवे स्थळ 'लाल दगड'. फलकानुसार गावकरी हा दगड सतराव्या शतकातील प्लेगच्या काळापासून लाल करत आले असून कारण अज्ञात आहे.

२. कारण ज्ञात आहे. कारण माझी पत्नी सौ. यमुना होय.

आम्ही आलो त्या आठवड्यात तिने विचारले, "या गावाचा देव कुठाय हो?" मी चर्च दाखवले. ती म्हणाली, "ते घर झालं. वेशीवर कोण बसतं?" मग तिला रस्त्याच्या तोंडाशी हा दगड सापडला. वेस आहे, दगड आहे, म्हणजे राखणदार आहे, असे तिचे म्हणणे. लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवरील भारतीय दुकानातून शेंदूर आणला, खोबरेल तेलात कालवला आणि दर मंगळवारी लावला. रोज सकाळी हात लावून, मगच तोंडात घास. लग्नाआधीपासून तिची हीच रीत आहे.

३. हे मी लेखी कळवले. आपले उत्तर आले की, इतिहास मंडळाच्या श्रीमती पेग, वय ८४, यांना दगड लहानपणापासून लालच आठवतो. रंगाचा नमुना तपासावा, असे मी सुचवले. उत्तर आले, नमुना घेतल्यास ऐतिहासिक रंगास इजा पोहोचेल. तसेच, त्याच रंगाच्या रक्षणासाठी कुंपण घातले असून यापुढे कोणीही दगडास रंग लावू नये.

म्हणजे यमुनाच्या शेंदराचे यमुनापासून रक्षण होत आहे.

(अक्षया, हे वाक्य भाषांतरात घेऊ नये. तू म्हणालीस, "बाबा, कौन्सिलला असं नाही लिहीत, सारकॅस्टिक वाटतं." बरोबर आहे.)

४. तक्रार करण्याचा मला अधिकार नाही. चौतीस वर्षे मी खटाव तालुक्यात जमिनी मोजल्या. गावातले म्हातारे सांगतील ती हद्द मी लिहिली. एखादी बाई बांधावर उभी राहून "माझा दगड होता तिथं" म्हणाली, तर मीही "पुरावा नाही" असेच लिहिले आहे. श्रीमती पेग यांची साक्ष मला मान्य आहे. फलक तसाच असू द्यावा. दगड चारशे वर्षांपासून लाल आहे, हे मी या अर्जाद्वारे कबूल करतो.

५. परंतु.

६. यमुनाला दोन वर्षांपासून विस्मरणाचा आजार आहे. गिरीशला ती कधी कधी "आपण कोण?" विचारते. दगड विसरलेली नाही. कुंपण झाल्यापासून ती रोज सात वाजता तिथे जाते, गज धरून उभी राहते आणि मला विचारते, "कुणी कोंडलं हो त्याला?" मी रोज सांगतो. ती रोज नव्याने ऐकते. मग जेवत नाही. मधुमेहाची गोळी रिकाम्या पोटी देता येत नाही. गेल्या मंगळवारी ती तळ्यापाशी चक्कर येऊन पडली.

७. केलेले उपाय : (अ) घरात दुसरा दगड आणला. म्हणाली, "हा तर कुंडीतला." (आ) काठीला कापूस बांधून दिला. म्हणाली, "काठीनं शेंदूर लावतात का कुणाला? जनावर आहे का तो?" (इ) गिरीशला आत उतरायला सांगितले. तो म्हणाला, "बाबा, कॅमेरा आहे तिथे, आणि मी शाळेच्या समितीवर आहे, स्कूल गव्हर्नर." (ई) माझे दोन्ही गुडघे बदललेले आहेत.

८. सबब मोजणी केली. पूर्वेकडील गजापासून दगड एकतीस इंच. यमुनाचा हात खांद्यापासून अनामिकेच्या टोकापर्यंत बावीस इंच. तूट नऊ इंच. मी तीन वेळा मोजले. तिसऱ्या वेळी तिने विचारले, "माझी मोजणी कशाला? वाटणी चाललीय का?"

तरी कुंपण पूर्वेकडून नऊ इंच आत घ्यावे, ही विनंती.

९. तेही नियमात बसत नसल्यास. कुंपणाच्या फाटकाची किल्ली आपणाकडे असते, असे समजते. आपण सकाळी सातला आत जावे. आपण अधिकृत आहात. यमुना बाहेर उभी राहील, मी तिला धरीन. शेंदूर आपण लावावा. तिचे नाव कोठेही लिहू नये.

उत्तराची वाट पाहणारा,
आपल्या गावचा रहिवासी,
ज. पां. सातपुते
मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५

सोबत :
१) मोजणीचा नकाशा, एक प्रत.
२) डॉक्टरांचे पत्र.
३) शेंदूर, कालवलेला, एक डबी. उजव्या हाताच्या अनामिकेने लावावा. थोडा पुरतो. लावून झाल्यावर तिच्याकडे वळून फक्त मान हलवावी. मग ती जेवेल.