सत्तावीस तारखा

३ फेब्रुवारी
– आधी पाणी तापवायचं. मग आईला डाव्या कुशीवर वळवायचं, पाठ पुसायची, चादरीची सुरकुती काढायची. गोळी चुरून पाण्यातून. मग खुर्ची ओढून समुद्राच्या तळाविषयीच्या त्या जाड पुस्तकातली दोन पानं तिला मराठीत सांगायची. अडेल तिथे शब्दकोश. एका सकाळी चारशे वर्षं जगणाऱ्या माशाचं पान होतं. आई डोळे मिटूनच म्हणाली, "एवढी वर्षं त्याचं कोण करतं गं?"

आज इथे, माझ्या खोलीत, पाणी तापवताना आठवलं. आई जाऊन दहा दिवस झाले.

एकोणीस महिने मी या देशाबाहेर, तिच्यापाशी होते. वर्षाच्या वर गेलं की इथे कायम राहायची परवानगी धोक्यात येते – ठाऊक होतं. तरी राहिले. विमानतळावर रहिवासाचं कार्ड काढून घेतलं, कागद दिला: २४ तारखेला सुनावणी. पटलं नाही तर बावीस वर्षांचं घर सोडायचं. ह्यांनी रंगवलेली खिडकी, धुलाईखान्यातलं माझं काम, सगळं. आणि तिकडे आता कोण आहे?

६ फेब्रुवारी
वकीलबाई माझ्या लेकीच्या वयाची.
"मावशी, जाताना परतायची तारीख ठरवली होती का?"
"आई कधी जाणार ते ठरवून निघायचं होतं?"
तिनं पेन बाजूला ठेवलं. मग हळूच म्हणाली, "मला कळतंय हो. पण त्यांना कागद लागतो. तुम्ही परतणार होतात, असं सांगणारा."
परतीचं तिकीट होतं, तीन महिन्यांचं. वाया गेलं. दुसरा कागद नाही.

९ फेब्रुवारी
पुस्तकाची अकरा पानं राहिली आहेत. एकटीला पुढे जाववत नाही.

११ फेब्रुवारी
उद्या पुस्तकाची मुदत संपते, म्हणून वाचनालयात गेले. जाताना ते इथूनच नेलं होतं; दर तीन आठवड्यांनी मी तिकडून फोन करून मुदत वाढवून घ्यायची. ग्रंथपालबाईंना आज पहिल्यांदा सगळं सांगितलं. त्या उठल्या आणि एक लांबलचक कागद छापून आणला. सत्तावीस वेळा वाढवलेली मुदत! प्रत्येक तारखेपुढे त्यांचा शेरा: 'वाचक म्हणतात, येऊन स्वतः परत करीन.'

मी बघतच राहिले. हे मी म्हटलं होतं? सत्तावीस वेळा?
"नियम तीनदाचाच आहे," बाई म्हणाल्या. "पण नऊ वर्षांत हे पुस्तक दुसऱ्या कुणी नेलेलं नाही. समुद्राच्या तळाला गर्दी नसते." मग त्यांनी आणखी एकदा मुदत वाढवली. "सुनावणीला पुस्तकही न्या."

घरी येऊन त्या तारखांवरून बोट फिरवलं. दर वेळी पुढची तारीख ऐकताना मनात यायचं, तोवर आई असेल का? सव्वीस तारखा तिनं ओलांडल्या. हाडांचा सापळा, घोटभर पाणी, आणि सव्वीस. केवढी होती ती!

२४ फेब्रुवारी
अधिकारी चष्मा कपाळावर चढवून कागद वाचत होता.
"शिक्षण?"
"सातवी."
"आणि हे पुस्तक आईला भाषांतर करून सांगत होतात?"
"जमेल तसं."
त्यानं पुस्तक उघडलं. माशाच्या पानावर औषधाचा डाग आहे, तिथेच उघडलं. तो वाचत राहिला. वकीलबाईंनी खोकून पाहिलं, त्याला ऐकूच गेलं नाही.
"चारशे वर्षं?" मला विचारतो!
"हो. आई म्हणाली, त्याचं कोण करतं."
तो हसला नाही. चष्मा डोळ्यांवर घेतला, एकेक तारीख पेन्सिलीनं टिपली. सत्ताविसावीपाशी थांबला. "ही मुदत संपायच्या आत परत आलात."
"हो."
खण उघडून माझं कार्ड काढलं आणि टेबलावरून माझ्याकडे सरकवलं.

बाहेर वकीलबाई रडल्या. मी नाही. एवढ्याशा कार्डाकडे बघत पायरीवर बसून राहिले. आईनं दिलं ते.

२५ फेब्रुवारी
सकाळी पाणी तापवलं. खुर्ची ओढली. राहिलेली अकरा पानं मोठ्यानं, मराठीत वाचली. दुपारी जाऊन पुस्तक परत केलं.